पारा गाळणारे हात

सोलापुराहून कोणत्याही दिशेने निघाले तरी दीडशे मैलांच्या आत समुद्र लागत नाही. त्यामुळे मी अकरा वर्षे दीपगृहावर नोकरी केली असे सांगितले की इथली माणसे पहिला प्रश्न विचारतात तो समुद्र केवढा असतो हा. एकरूखच्या तलावाएवढा का? मी नाही म्हणतो. मग दोन तलावांएवढा का, असे विचारतात. चार तलावांपर्यंत आले की मी होय म्हणून मोकळा होतो.

दिवाळी अंकासाठी संपादकांनी माझ्याकडे दीपगृहातील गमतीजमती मागितल्या. गमती थोड्या आहेत, त्या आधी देतो. बाकीचा मजकूर एका माणसाबद्दल आहे. दीपगृहाचे नाव मुद्दाम देत नाही. ते रत्नागिरी जिल्ह्यात आहे, आजही चालू आहे, आणि आज तिथे काम करणाऱ्यांचा या हकिकतीशी काही संबंध नाही.

ज्यांनी दीपगृह पाहिलेले नाही त्यांना ते उंच खांबावर टांगलेला मोठा कंदील वाटते. नुसता उजेड खलाशाच्या कामाचा नाही. कोणता उजेड, हे त्याला कळावे लागते. म्हणून प्रत्येक दीपगृहाला स्वतःची खूण नेमून दिलेली असते. एखादे दर दहा सेकंदांनी एकदा चमकते, एखादे लागोपाठ दोनदा चमकून थांबते, एखादे स्थिर जळते. गलबत हाकणारा तांडेल मनात आकडे मोजतो आणि किनारा न दिसताही आपण कुठे आहोत ते ओळखतो. दिवा विझणे जेवढे वाईट, तेवढेच त्याने सावकाश फिरणे वाईट, कारण मग तो दुसऱ्याच दिव्याचे नाव सांगू लागतो.

आमच्या टेकडीवर दीपगृह बांधण्यापूर्वी खालच्या पडक्या बुरुजावर रात्री लाकडे पेटवीत. ते काम खारव्यांच्या एका घराण्याकडे होते आणि त्याबद्दल प्रत्येक गलबताकडून त्यांना नारळ मिळे. दीपगृह आले आणि आग बंद झाली. नारळ मात्र चालू राहिले. हंगामाच्या पहिल्या दिवशी खारवी आमच्या पायरीवर नारळ वाढवीत आणि अर्धी वाटी त्या घराण्यातील म्हातारीला देत. तिला सगळे आवा म्हणत. आवा वाटी घेई आणि आमच्याकडे बघून दरवर्षी तेच म्हणे, "घाट्यांनी बत्ती लावूची नि आमी बघूची, असो दिवस इलो!" आमच्या दिव्यामुळे मासळी लांब पळते अशीही तिची तक्रार होती. ती मी दोनदा वर कळवली. उत्तर आले नाही.

दुसरी गोष्ट पडद्यांची. दिव्याभोवती भिंगांचा माणसाहून उंच पिंजरा असतो. ती भिंगे आतला उजेड बाहेर फेकतात. दिवसा तीच भिंगे बाहेरचे ऊन आत गोळा करतात आणि सापडेल ते जाळतात. म्हणून सूर्य उगवण्याच्या आत काचांना जाड पडदे लावायचे, असा कडक नियम आहे. एकदा तालुक्याचे एक अधिकारी कुटुंबासह दीपगृह पाहायला आले आणि पडदे उघडा म्हणाले. मी नियम सांगितला. ते म्हणाले, नियम आम्हीच करतो. पडदा उघडला. थोड्या वेळाने त्यांच्या काखेतल्या छत्रीतून धूर निघू लागला. भेटीच्या पुस्तकात त्यांनी 'व्यवस्था समाधानकारक' असा शेरा दिला आणि छत्री आमच्याकडेच टाकून गेले.

आता पाऱ्याविषयी. भिंगांचा तो पिंजरा दोन भरल्या बैलगाड्यांइतका जड असतो. तो चाकांवर फिरवला तर चाके झिजतात आणि गती बदलते. म्हणून खाली लोखंडी गोल कुंड असते, कुंडात पारा भरलेला असतो आणि सगळा पिंजरा त्या पाऱ्यावर तरंगतो. एवढा जड असूनही एका बोटाने ढकलला तर फिरतो. पण पाऱ्यावर धूळ आणि मळ साचतो, पारा आळसावतो आणि दिव्याची गती मंद होते. तसे होऊ नये म्हणून पारा काढून मऊ कातड्यातून गाळायचा आणि पुन्हा भरायचा. हे तीन महिन्यांतून एकदा करावे असा खात्याचा नियम होता.

नरसय्या आला तेव्हा मी तिथे मुख्य रक्षक होऊन तीन वर्षे झाली होती. तो दुय्यम रक्षक म्हणून आला. वय तिशीच्या आसपास, अंगाने किरकोळ, बोटे लांब. मी नेहमीप्रमाणे विचारले, कुठले?

"सोलापूर."

"सोलापुरात कुठं?"

"साखर पेठ. आमी विणकर, पद्मशाली. तुमी?"

मी म्हणालो, मीही सोलापूरचाच.

"मग नीट बोला की अण्णा! ह्ये काय लावलंय कोकणी येडंवाकडं!"

घरचा हातमाग बंद पडल्यावर तो मुंबईला गेला होता, गोदीत बोटींना रंग देण्याचे काम करत होता आणि तिथून खात्यात शिरला होता. बायको राजव्वा सोलापुरातच होती. तो दर महिन्याला पैसे पाठवी आणि पत्र माझ्याकडून लिहून घेई. पत्राचा शेवट ठरलेला असे : समुद्र लई मोटा हाय, काळजी करू नये. आवाशी त्याची पहिल्या आठवड्यातच गट्टी जमली. तिने घाटी म्हणून डिवचले की तो म्हणे, "आजी, आमच्या गावात पाणीच न्हाय. म्हणून तुमचं बगाय आलोय. बगून झालं की जातो."

आमच्या दिव्याला घासलेटच्या वाफेवर जळणारी जाळी असे. नवी जाळी कापडासारखी असते. ती बर्नरवर बांधून एकदा जाळली की नुसता राखेचा सांगाडा उरतो आणि तोच प्रकाश देतो. नंतर त्याला बोट लागले तरी तो कोसळतो. मला एक जाळी नीट बसवायला दोनतीन फुकट घालवाव्या लागत. नरसय्याने पहिल्याच दिवशी पहिल्याच जाळीला गाठ मारली आणि ती दीड महिना टिकली. मी कौतुक केले. तो म्हणाला, "तुटलेला धागा चालत्या मागावर जोडतो आमी. हिला काय, ही तर उभीच हाय."

पारा गाळण्याचे काम आपोआप त्याच्याकडे गेले. मला ते आवडत नसे. पारा हाताला गार लागतो आणि जड लागतो, आणि त्यातून हात काढला तरी ओला होत नाही. मला त्याची शिसारी येई. मी जिन्यात उभा राहून बघत असे. नरसय्याला गंमत वाटे. खात्याचे कातडे फाटले आणि नवे सहा महिने आले नाही, तेव्हा त्याने सोलापूरला भावाला पत्र लिहायला सांगितले. भावाने दुसऱ्याच्या मागावर स्वतः विणलेले बारीक सुताचे कापड पाठवले. नरसय्या त्याच्या चार घड्या करी, त्यात पारा ओती, पुरचुंडी बांधून दोन्ही हातांनी पिळी. खालून बारीक, लखलखीत धारा गळत.

"बगा अण्णा, चांदीचं दही!"

फरशीवर उडालेले मणी तो कोंबड्याच्या पिसाने गोळा करी आणि एकही वाया जाऊ देत नसे. गाळताना वारा नको म्हणून त्या खोलीचे झरोके आम्ही बंद करत असू. वरून कोकणातला उकाडा.

त्या वर्षी निरीक्षक साहेब बोटीने तपासणीला आले. त्यांनी कुंडावरून रुमाल फिरवला. रुमाल स्वच्छ निघाला. किनाऱ्यावरच्या कोणत्याही दीपगृहात असा पारा पाहिला नाही, असे त्यांनी शेऱ्याच्या पुस्तकात लिहिले. शेरा माझ्या नावावर पडला, कारण मुख्य रक्षक मी होतो. साहेब गेल्यावर मी नरसय्याला म्हणालो, "तीन महिन्यांनी करण्यापेक्षा दर शनिवारी केलं तर?"

"करतो की. मला त्याचा काय तरास?"

हा हुकूम नव्हता. पण मी म्हटल्याखेरीज त्याने ते केले नसते, हेही खरे आहे. पुढची जवळजवळ दोन वर्षे त्याने एकही शनिवार चुकवला नाही.

त्याच्यातला बदल एका दिवसात झाला नाही. आधी तो बोलेनासा झाला. पायरीवर आवाशी चालणारी थट्टा बंद पडली. मग तो माझ्यासमोर जेवायला बसेना. ताट घेऊन आपल्या खोलीत जाई. झोप लागत नाही म्हणे. क्षुल्लक कारणावरून चिडे आणि नंतर लाजून दोन दिवस तोंड लपवी. हिरड्या लाल झाल्या. तो सारखी लवंग चघळू लागला. हात कापू लागले. माझ्या लक्षात आले ते हस्ताक्षरावरून. रोजनिशीत स्वतःचे नाव तो मोडीत लिहायला शिकला होता, ते नाव वाचता येईना.

आवा एकदा मला म्हणाली, "हेका कोणी काय केल्यान? ह्यो पयलो असो नाय हुतो."

मी म्हणालो, काही नाही, थकला असेल.

"बुरुजावरली आग विझवलास तुमी. तिचो तळतळाट असा ह्यो."

मी हसलो. तिने सांगितलेले कारण चूक होते. पण हा माणूस आजारी आहे हे तिने ओळखले होते. मी ओळखले नव्हते.

मी दुसराच निष्कर्ष काढला होता. खाली गावात माडी मिळत असे. हात कापतात, डोळ्याला डोळा देत नाही, एकटा खातो, चिडतो, आणि तोंडाला सतत लवंगेचा वास. दारूचा वास लपवायला लवंग चघळतात, हे मला ठाऊक होते. त्याला पिताना मी कधी पाहिले नाही. पण तो किती सांभाळून पितो याचाच तो पुरावा, असे मला वाटले.

पावसाळा संपत आल्याचे दिवस होते. सूर्यास्ताला जाळी बदलायची होती. नरसय्याने पहिली जाळी बांधली, जाळली आणि काडी मागे घेताना त्याच्या बोटाने ती कोसळली. दुसरी बांधताना फाटली. मी मागे उभा होतो. तिसरी कोसळली तेव्हा बाहेर अंधार पडू लागला होता. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "अण्णा, तुमी बगू नका. तुमी बगता म्हणून व्हतंय."

मी त्याला बाजूला केले आणि चौथी जाळी स्वतः बसवली. दिवा सतरा मिनिटे उशिरा लागला. त्या संध्याकाळी कोणत्याही बोटीला धक्का लागला नाही. पण दिवा उशिरा लागणे ही आमच्या कामातली सर्वांत मोठी चूक. तिची नोंद करावी लागते आणि कारण लिहावे लागते.

मी नोंद केली. वेळ लिहिली, हवा कशी होती ते लिहिले, जाळ्या किती फुकट गेल्या ते लिहिले, दुय्यम रक्षकाचे हात कापत होते हे लिहिले. इथपर्यंत सगळे पाहिलेले होते. त्याखाली मी आणखी तीन शब्द लिहिले : मद्यपानाचा संशय आहे.

तीन आठवड्यांनी निरीक्षक साहेब चौकशीला आले. त्यांनी नरसय्याच्या हातात काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला दिला आणि सरळ धरायला सांगितले. साहेब, बोटीवरचे दोघे आणि मी, असे चौघे जण बघत होतो. पाणी त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले.

"किती घेतोस?" साहेबांनी विचारले.

"थेंब न्हाय साहेब. मार्कंडेयाची शपथ."

"मग हात का कापतात?"

"ठाव न्हाय."

ठाऊक नाही हे उत्तर चौकशीत चालत नाही. त्याला त्याच बोटीने न्यायचे ठरले. हातात दिलेल्या दाखल्यावर शेरा होता : दारूच्या सवयीमुळे कामावरून कमी केले.

सामान बांधून झाल्यावर तो माझ्या खोलीच्या दारात आला. आत आला नाही.

"अण्णा, मला पिताना कदी बगितलं तुमी?"

"नाही."

"मग लिवलं कसं?"

मी म्हणालो, सारखा लवंगेचा वास यायचा.

"लवंगेचा वास आला तर लवंग लिवायची," तो म्हणाला आणि टेकडी उतरला.

त्यानंतर आलेल्या माणसाला मी शनिवारचा रिवाज सांगितला नाही. त्याला तेवढी हौस नव्हती. तीन महिन्यांनी पारा गाळला जाई. त्याचे हात कापले नाहीत. या गोष्टीचा अर्थ मला तेव्हाच लागायला हवा होता.

चार वर्षांनी लांबचे नीट दिसेना म्हणून मी नोकरी सोडून सोलापूरला आलो आणि इथल्या एका साप्ताहिकात मुद्रिते तपासू लागलो, पुढे बातम्याही लिहू लागलो. तिथल्या संपादकांनी पहिल्याच दिवशी सांगितले की पाहिले ते लिहावे, ऐकले असेल तर कोणाकडून ते लिहावे, आणि वाटले ते लिहू नये. मी मान हलवली. नरसय्या याच शहरात आहे हे मला माहीत होते. साखर पेठेतल्या बातमीला जायची पाळी आली की मी दुसऱ्या कोणाला तरी पाठवी.

कुंभारीच्या वाटेवरच्या एका देवळाच्या कळसाला मुलामा देण्याचे काम चालले होते. त्याची बातमी करायला मी गेलो. मुलामा देणारे कारागीर कासीमभाई सत्तरीचे होते. सोने पाऱ्यात विरघळवून ते तांब्यावर चोळायचे आणि मग तापवायचे, म्हणजे पारा धूर होऊन उडून जातो आणि सोने चिकटून राहते. काम आता मुलगा करत होता. कासीमभाई वाऱ्याच्या वरच्या अंगाला खाटेवर बसून सांगत होते. सून चहा घेऊन आली. तिने कप त्यांच्या हातात दिला नाही, स्वतः त्यांच्या ओठाला लावला. मी त्यांच्या हातांकडे बघितले, आणि मी बघतो आहे हे कळताच ते हात जास्त कापू लागले. त्यांनी ते मांडीखाली घातले.

मी विचारले, हे केव्हापासून?

"हमारे में सबकू होता. बावा कू बी था. पारा हात कू पकडता, मियाँ. पयले मसूडे लाल होते, फिर नींद जाती, फिर आदमी शरमाने लगता. बेटे कू बी होयेंगा."

मी विचारले, लोकांना हे दारूचे वाटत नाही का?

"दारूवाला सुबो काँपता, पीया तो थमता. ये थमताच नै. और कोई देखा तो जास्ती."

बातमी मी त्या दिवशी दिली नाही. शहरातल्या एका डॉक्टरांकडे गेलो आणि लक्षणे एकामागून एक सांगितली, माणसाचे नाव न सांगता. त्यांनी कपाटातून पुस्तक काढले. टोप्या आणि आरसे करणाऱ्या कारागिरांत हा विकार दिसतो, पाऱ्याची वाफ श्वासातून आणि पारा कातडीतून अंगात जातो, असे त्यात होते. बंद खोली आणि उष्णता यांनी तो वाढतो, असेही होते. मी विचारले, बरा होतो का? ते म्हणाले, लवकर काम सोडले तर. किती वर्षे झाली?

मी सांगितले, काम सोडून आठ.

"मग आता जेवढे आहे तेवढे राहील," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी साखर पेठेत गेलो. घर विचारावे लागले. एकाने विचारले, "कोन, बेवडा नरसय्या?" मी होय म्हणालो, कारण घर सापडणे आवश्यक होते.

तो दारातच चरख्यावर सुताच्या कांड्या भरत होता. चाक फिरवायला हात थरथरला तरी चालतो. मागावर बसायला चालत नाही. केस पांढरे झाले होते, दात बरेच गेले होते. राजव्वा आत विड्या वळत बसली होती. त्याने मला ओळखले आणि उठून पाट दिला. कशाला आलात असे विचारले नाही.

मी जे कळले ते त्याच क्रमाने सांगितले : कासीमभाई, डॉक्टर, पुस्तक. तो चरखा थांबवून ऐकत होता.

"म्हंजे पाऱ्यानं."

"होय."

"तीन महिन्यानं केलं असतं तर?"

"बहुतेक झालं नसतं."

"अन् शनवारी करा म्हणून तुमी सांगितलं."

"होय."

त्याने पुन्हा चाक फिरवायला सुरुवात केली. बोलली ती राजव्वा. विडीचे सूप बाजूला ठेवून ती दारापाशी आली.

"आट वर्सं, अण्णा. रोज सांजच्याला हा घरात आला की मी ह्याचं तोंड हुंगते. एकदा बी वास आला न्हाय. मला वाटायचं, केवढा हुशार हाय, मला सुदीक कळू देत न्हाय. वास येत न्हाय म्हणून जास्ती मारलं ह्याला मी. लाटण्यानं मारलं."

"असू दे गं," नरसय्या म्हणाला.

"काय असू दे? तू बोलायचं की!"

"बोललो न्हाय व्हय? पयल्याच दिवशी बोललो."

मग त्याने आत जाऊन पत्र्याची पेटी उघडली आणि तो दाखला आणला. घड्या पडून त्याचे चार तुकडे होत आले होते. गिरण्यांच्या फाटकावर तो आठ वर्षे दाखवावा लागला होता. आधीची नोकरी कुठे केली, असे विचारले की हाच कागद.

"ह्यो बदलून द्या," तो म्हणाला. "नोकरी नको, पैसा नको. एवडं दारूचं नाव तेवडं पुसून द्या."

मी खात्याला अर्ज केला. डॉक्टरांचे पत्र जोडले, संशय मीच नोंदवला होता आणि तो निराधार होता हे स्पष्ट लिहिले. चार महिने काही आले नाही. पुन्हा लिहिले. मग उत्तर आले. त्या दीपगृहाच्या त्या वर्षांच्या रोजनिशा मुदत संपल्यामुळे नियमाप्रमाणे जाळण्यात आल्या आहेत. मूळ नोंद उपलब्ध नसल्यामुळे ती चूक होती की बरोबर, हे ठरवता येत नाही. सबब दाखल्यावरील शेरा कायम.

ते पत्र घेऊन मी साखर पेठेत गेलो. दुपारची वेळ होती, गल्लीत दोन्ही बाजूंना माग खडखडत होते. मी पत्राचा अर्थ सांगितला. नरसय्याने तो दोनदा विचारून घेतला.

"म्हंजे तुमी लिवलेलं जळालं, अन् माज्यावरचं ऱ्हायलं."

मी होय म्हणालो.

मग त्याने दाखला जमिनीवर पालथा ठेवला, तुकडे जुळवले आणि म्हणाला, "हितं मागल्या बाजूला लिवा. तुमच्या हातानं. तुमी काय बगितलं अन् काय न्हाय बगितलं."

मी लिहिले. नरसय्या माझ्या हाताखाली साडेतीन वर्षे दुय्यम रक्षक होता. मी त्याला कधी दारू पिताना पाहिले नाही. त्याचे हात पारा गाळल्यामुळे गेले. पारा दर आठवड्याला गाळावा असे मी सुचवले होते. मद्यपानाचा संशय मी नोंदवला. त्याला आधार नव्हता. खाली सही केली, तारीख घातली.

"आता वाचा."

मी वाचू लागलो.

"असं न्हाय. उबं ऱ्हा. मोट्यानं वाचा, माग चालू हाईत."

मी उंबऱ्याबाहेर उभा राहून मोठ्याने वाचले. जवळचे दोन माग थांबले, मग पलीकडचा थांबला. माणसे दारात आली. मला घर विचारताना बेवडा म्हणणारा त्यांत होता की नाही, मी पाहिले नाही. वाचून झाले. समोरच्या घरातल्या एका म्हाताऱ्या विणकराने विचारले, "मग आता हात बरं व्हत्याल का त्याचं?"

मी म्हणालो, नाही.

"मग ह्ये कशापायी वाचलंत?"

नरसय्या पायरीवर बसून होता. हात मांडीखाली नव्हते. ते गुडघ्यांवर होते, सगळ्यांना दिसतील असे, आणि जोरात कापत होते.

"त्येला ऐकू आलं नसंल नीट," तो मला म्हणाला. "परत वाचा, अण्णा."

राजव्वा आतून येऊन त्याच्या शेजारी बसली. मी कागदाचे तुकडे जुळवून धरले आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचले.